हरळीचे बिऱ्हाडकरू

तापीकाठच्या काळ्या रानात हरळीची बाजू घेणारा शेतकरी शोधून सापडायचा नाही. शहाद्याकडचा केळी-उसाचा पट्टा असो, नंदुरबारभोवतीची मिरचीची वावरं असोत, नाही तर पपईच्या बागा. ती दिसली की माणसाच्या हातात विळा येतो आणि तोंडात शिवी. बैलांच्या नांगराच्या काळात शेत हरळीनं धरलं म्हणजे ते दोन-तीन वर्षं हातचं गेलं, असाच हिशेब असे. आता ट्रॅक्टर आले, तणनाशकं आली. तरी उन्हाळी नांगरट झाली की मजूर बाया ओळीनं बसून तिच्या काशा वेचतात, बांधावर ढीग लावतात आणि वैशाखाच्या उन्हात ढीग कडकडीत वाळला की काडी लावतात. रोहिणी बरसल्या की पंधरा दिवसांत ती पुन्हा हजर. कोणती तरी एक काशी ढेकळाखाली राहून गेलेली असते, तेवढी तिला पुरते.

तिचा गुन्हा एवढाच की तिला मरता येत नाही. बाकीची बहुतेक तणं बी टाकून निघून जातात. हिचा संसार पेऱ्यावर चालतो. जमिनीवर सरपटणारा वेल वेगळा, जमिनीखाली धावणारी काशी वेगळी, आणि दोन्हींच्या प्रत्येक पेऱ्याला मुळं आणि कोंब फुटायची तयारी. नांगराच्या फाळानं तिचे दहा तुकडे केले तर दहा हरळ्या होतात. वर दिसते ती बोटभर उंचीची, अरुंद पात्यांची, पायाखाली मऊ लागणारी. तुरा येतो तोही चार-पाच बारीक बोटांचा, कुणाच्या डोळ्यात न भरणारा. खाली मात्र टणक, पिवळट, टोकाला सुईसारखी. ऊन चढेल तशी तिची तब्येत सुधारते. ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखीच ती कडक उन्हात काम करणाऱ्या कुळातली आहे. मे महिन्यात नंदुरबारचा पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वरून करपलेली दिसते खरी, पण खाली शाबूत असते.

१९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. खानदेशातल्या एखाद्या ओलिताच्या वावरात हे दोघे शेजारी-शेजारी उभे असतात. म्हणजे जगातले पहिले दोन गुन्हेगार एकाच बांधाच्या आत. शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, त्यासाठी ग्रंथ कशाला लिहायला हवा होता?

भाद्रपदात मात्र हिचा रुबाब बदलतो. हीच हरळी, कोवळी, तीन पात्यांची, एकवीसची जुडी बांधून दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकावर जाते. ज्या बाईनं वैशाखात तिच्या काशा जाळल्या तीच बाई पहाटे बांधावर जाऊन तिला हळुवार खुडते. घोळणा फुटला तर तिचाच रस नाकात पिळतात. बारमाही मान तिला फक्त घोडेवाल्यांकडून मिळतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात, आणि घोड्याला हरळीसारखं गवत नाही, हे कुठल्याही सौदागराला विचारून घ्यावं.

मला तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते मात्र या मानापमानामुळे नाही. ती जिथे उगवायला नको तिथे उगवलेली दिसली, म्हणून.

विहिरीवर डिझेल इंजिन असायचं त्या काळातल्या जागा अजून ओळखू येतात. विजेचे पंप येऊन जमाना झाला, इंजिन भंगारात गेलं, पण ज्या चौथऱ्यावर ते धडधडायचं त्याच्या भोवतीची माती काळी ती काळीच. मुळात काळी असलेली माती आणखी काळी म्हणजे काय, ते तिथे पाहावं. वर चिकट पापडी, पाऊस पडला तर थेंब आत न शिरता मोत्यासारखे घरंगळतात. सुरत-धुळे महामार्गावर नवापूर-विसरवाडीच्या बाजूला, कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे-पलीकडे, ट्रक थांबतात तिथल्या गॅरेजांपुढची जमीनही अशीच. ट्रकचं, ट्रॅक्टरचं, फटफटीचं जळकं ऑइल वर्षानुवर्षं तिथेच ओतलेलं. अशा डागावर गाजरगवतसुद्धा धड उगवत नाही. बी पडतं, फुगतं, कुजतं. कारण तेल नुसतं विषारी नसतं. ते मातीच्या कणांना लेप देतं, पाण्याची वाट बंद करतं, हवेची छिद्रं बुजवतं. बियाण्याला रुजायला जे दोन हवेत, ओल आणि हवा, तेच तिथून हद्दपार झालेले असतात.

हरळी इथे बियाण्यावर अवलंबून राहत नाही, हाच तिचा डाव. डागाच्या कडेला, जिथे माती अजून माती आहे, तिथे तिचं मूळ ठाणं असतं. तिथून ती एक वेल आत सोडते. आतल्या पेऱ्याला पाणी नाही, अन्न नाही, पण वेल तुटलेला नसतो. मागच्या रोपाकडून साखर आणि ओल त्याला पोहोचत राहते. रसद मागून, मुक्काम पुढे. पहिला पेरा धरला की दुसरा. वीतभर आत जायला कधी एक पावसाळा लागतो. पण ती जाते, आणि ती गेली की तिच्यामागून इतर चार गवतं धीर करून येतात.

अशा एका चौथऱ्यापाशी शेताच्या मालकाला, आमच्या ओळखीतल्या नानांना मी म्हटलं, ‘‘नाना, एवढा तुकडा राहू द्या. हरळी इथं काम करतेय.’’

‘‘हरळी? काम?’’ नाना माझ्याकडे बघत राहिले. ‘‘तू लिहिणारा माणूस आहेस भाऊ. वावर तुझं असतं तर असं बोलला असता का?’’

प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी जमिनीखाली जावं लागतं.

खनिज तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. जळणारी प्रत्येक गोष्ट कुणाचं तरी अन्न असते, आणि तेल खाणारे जीव मातीत माणसाच्या आधीपासून आहेत. समुद्राच्या तळातून, खडकांच्या फटींतून तेल लाखो वर्षं झिरपत आलेलं आहे. ते कुणी खाल्लं नसतं तर पृथ्वीवर मेणकट थर साचले असते. स्यूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, ऱ्होडोकॉकस, बॅसिलस अशी या मंडळींची आडनावं. क्लॉड झोबेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९४६ मध्येच हायड्रोकार्बन खाणाऱ्या जिवाणूंवरचं तोवरचं सगळं ज्ञान एकत्र मांडलं होतं. चांगल्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांत तेलखाऊ एक टक्काही नसतात. तेल सांडलं की बाकीचे मरतात किंवा गप्प होतात आणि यांची पंगत बसते. साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक अणू चिकटवायचा, मग तिचे तुकडे पाडत जायचं, शेवटी उरतं पाणी आणि कर्बवायू. सरळ साखळ्या पटकन संपतात, कड्या-कड्यांच्या साखळ्यांना महिने आणि वर्षं लागतात, डांबरासारखा जड भाग जवळजवळ तसाच राहतो.

पण नुसतं तेल खाऊन पोट भरत नाही. तेलात कार्बन भरपूर, नत्र-स्फुरद नावाला. शंभर भाग कार्बनला साधारण दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतं. हवा हवी, कारण पहिला घासच प्राणवायूचा. ओल हवी, पण चिखल नको. इंजिनाच्या चौथऱ्याभोवती यांतलं एकही धड नसतं. म्हणून तिथले तेलखाऊ जिवाणू असून नसल्यासारखे, वर्षानुवर्षं अर्धपोटी बसलेले.

इथे हरळीचं मूळ पोहोचतं. हरळी तेल खात नाही, हे आधीच सांगून टाकतो. या विषयावर बोलणारे पुष्कळ लोक झाडं तेल शोषून घेतात असं सांगत फिरतात, ते फार थोडं खरं आहे. हरळी घर चालवते आणि बिऱ्हाडकरू ठेवते. तिच्या बारीक मुळांतून साखरा, आम्लं, अमिनो आम्लं सतत पाझरत असतात. पानांनी उन्हात कमावलेल्याचा चांगला हिस्सा ती अशी जमिनीत सांडते. मुळाला लागून असलेल्या मिलिमीटरभर जाडीच्या मातीत जिवाणूंची गर्दी बाजूच्या उघड्या मातीपेक्षा दहापट, कधी शंभरपटही होते. या पट्ट्याला शास्त्रीय नाव मिळालं १९०४ साली, जर्मनीच्या लोरेन्झ हिल्टनरकडून. त्यानं पाहिली होती ती कडधान्यांची मुळं. तेलाशी त्याचा काही संबंध नव्हता.

बिऱ्हाडकरूंकडून भाड्यात हरळी काय घेते? त्यांच्याशी तिची नत्र-स्फुरदाची देवाणघेवाण होते, मुळाभोवतीचं विष कमी होतं, म्हणजे तिचीच पुढची वाट मोकळी होते. आणि ती देते त्यात जेवणापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे वाट. हरळीची बारीक मुळं सारखी मरतात आणि नवी येतात. मेलेल्या प्रत्येक मुळाजागी एक केसासारखी पोकळी उरते. त्या पोकळीतून हवा खाली जाते, पावसाचं पाणी जातं, आणि तिथून जिवाणू तेल लागलेल्या ढेकळाच्या पोटात शिरतात. चिकट पापडीला आतून भोकं पडतात. स्यूडोमोनाससारखे काही जिवाणू साबणासारखा पदार्थ सोडतात, त्यानं तेलाचे बारीक थेंब होतात. नांगराचा फाळ जे वरवर करतो, ते हरळी आतून, न थांबता, बिनमजुरी करते. शेतकरी तिच्यावर चिडतो ते तिच्या ज्या हट्टामुळे, तोच हट्ट इथे तिची पात्रता ठरतो. सभ्य, नाजूक गवत या जागी आठवड्यात झोपलं असतं.

अनलासुराची गोष्ट घराघरांत सांगतात. अंगातून आग ओकणाऱ्या राक्षसाला गणपतीनं गिळलं, पोटात दाह सुरू झाला, काही उपाय चालेना, शेवटी ऋषींनी दूर्वा वाहिल्या तेव्हा तो शमला. राक्षस गिळला तो गणपतीनं. दूर्वांनी फक्त गिळणं सोसवेल असं केलं. मातीतही नेमकं असंच आहे. श्रेय कुणाचं, यावर वाद घालायचा असेल त्यानं घालावा. मी दोघांना निम्मं-निम्मं देईन.

अमेरिकेत हचिन्सन, बँक्स आणि श्वाब या संशोधकांनी जुन्या तेलगाळावर हीच हरळी आणि टॉल फेस्क्यू नावाचं दुसरं एक गवत लावून पाहिलं. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा सगळा भर खतावर होता. गवताला नत्र-स्फुरद मिळालं की ते तेलगाळात नीट धरतं आणि खालचं काम वेग घेतं. खत कशासाठी, तर गवतासाठी आणि गवताच्या बिऱ्हाडकरूंसाठी, दोघांसाठी. हा धडा शास्त्राला त्याआधी समुद्रानं शिकवला होता. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन व्हाल्डेझ हे जहाज खडकावर आदळलं आणि चार कोटी लिटरच्या वर कच्चं तेल सांडलं. किनारे धुवून थकल्यावर तिथे शेवटी काय फवारलं? खत. बाहेरून जिवाणू आणायची गरज पडली नाही, स्थानिक होते त्यांनाच नत्र-स्फुरद वाढलं.

त्याच्याही आधी एक मोठा नामांकित कलाकार येऊन गेला होता. बीरभूम जिल्ह्यातल्या साईंथियाचे आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होते. त्यांनी स्यूडोमोनासच्या निरनिराळ्या वाणांकडची तेल पचवण्याची कला एकाच जिवाणूत आणली आणि त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सजीवाला पेटंट कसं देता येईल, म्हणून कज्जा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. जगातल्या जैवतंत्रज्ञान उद्योगाची दारं त्या निकालानं उघडली. तो जिवाणू मात्र सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. प्रयोगशाळेतला पैलवान गावच्या आखाड्यात उतरलाच नाही, आणि गावातले किरकोळ अंगाचे गडी वर्षानुवर्षं कुस्ती खेळत राहिले.

आपल्याकडे ‘टेरी’ या दिल्लीच्या संस्थेनं गावातल्याच गड्यांवर भिस्त ठेवली. भारतातल्या निरनिराळ्या तेलानं माखलेल्या जागांहून जिवाणू गोळा करून, त्यांतले पाच निवडून डॉ. बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑइलझॅपर’ नावाचं मिश्रण तयार केलं. हे जिवाणू बसवलेले असतात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुग्यावर. जे कणीस आपल्याकडे चुलीत जातं त्यावर अब्जावधी जिवाणू मांडी घालून बसतात आणि पिशवीबंद होऊन तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे, ओएनजीसीच्या तेलक्षेत्रांकडे रवाना होतात. २००७ मध्ये ओएनजीसी आणि टेरी यांनी त्यासाठी एकत्र कंपनीही काढली.

महाराष्ट्रात या मंडळींचं नाव गाजलं ते ऑगस्ट २०१० मध्ये. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात गेले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडलं. भरतीबरोबर ते घारापुरीला, उरणला, रायगडच्या किनाऱ्याला लागलं. तिवरांची श्वास घेणारी मुळं चिखलातून वर डोकं काढून उभी असतात, त्यांनाच काळा लेप बसला. मुंबईच्या किनाऱ्याच्या साफसफाईत ऑइलझॅपर वापरला गेला तो तेव्हा. मुळांचा आणि तेलाचा संबंध मराठी वाचकानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पाहिला तो बहुधा पहिल्यांदाच. आठवडाभरानं ती छायाचित्रं गेली. तिवरांचा चिखल तेल पचवत कितीतरी दिवस बसला असेल, त्याचं छायाचित्र कोण काढतो?

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनं जमीन सुधारण्याचं काम दुसऱ्या एका रोगावर केलं. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या मुरमाड ढिगाऱ्यांवर काहीच उगवत नव्हतं. तिथे साखर कारखान्यातला प्रेसमड घातला, रोपांच्या मुळांना योग्य जिवाणू आणि बुरशी लावली, आणि ढिगारे हिरवे झाले. तिथे तेल नव्हतं, पण कृतीचा आराखडा तोच: आधी मातीला खायला घाला, मग मुळांना योग्य शेजार द्या. शहाद्याच्या ऊस पट्ट्यात प्रेसमड कुणाला नवा नाही. नवापुरात कोंबड्यांची विष्ठा ट्रकनं निघते. नत्र-स्फुरदाला जिल्ह्यात तोटा नाही. ते विहिरीवरच्या त्या चौथऱ्यापाशी नेऊन टाकावं, असं कुणाला वाटलेलं नाही, एवढंच.

हरळीची भलावण करताना तिच्या मर्यादा झाकणं बरं नव्हे. पहिली मर्यादा आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. हातभर, कधी त्याहूनही खोल भेगा पडतात. चैत्रात ओतलेलं ऑइल त्या भेगेतून थेट खाली उतरतं, आणि पहिल्या पावसात भेग मिटते तेव्हा ते आत कोंडलं जातं. हरळीच्या मुळांचा मोठा पसारा वरच्या दोन-अडीच फुटांत. त्याखालचं तेल तिच्या हद्दीबाहेर. शिवाय या मातीची चिकणकुळी तेलाला घट्ट धरून ठेवते, जिवाणूला ते सहजी हाती लागू देत नाही. वाळूत जे काम एका हंगामात होईल त्याला इथे अनेक हंगाम जातील.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. इंजिनातून निघालेलं जळकं ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतं. त्यात झिजलेल्या भागांचं लोखंड आणि तांबं असतं, ऑइलमध्ये मुद्दाम घातलेलं जस्त असतं, आणि जुन्या डागांत शिसंही असू शकतं, कारण शिसं घातलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० सालापर्यंत विकलं जात होतं. जिवाणू साखळी तोडू शकतो, धातू तोडू शकत नाही. शिसं शिसंच राहतं. उलट मुळांतून त्याचा थोडा अंश पाल्यात चढू शकतो. म्हणून अशा जागेवर शेळी बांधू नये, घोड्यापुढे ते गवत टाकू नये, आणि भाद्रपदात कितीही कोवळी दिसली तरी तिथली जुडी देवाला नेऊ नये. कारण नैवेद्याच्या ताटाशेजारी ती जुडी ठेवणारा हात नंतर लेकराच्या तोंडात जातो.

तिसरी मर्यादा वेळेची. घाटात टँकर उलटला, हजारो लिटर डिझेल नाल्यात चाललं, तर हरळीला हाक मारून उपयोग नाही. तिथे आधी बांध घालायचा, तेल उपसायचं, माखलेली माती खरवडून बाजूला काढायची, आणि हंडे-कॅन घेऊन डिझेल भरायला धावणाऱ्यांना हाकलायचं, कारण ठिणगी पडली तर त्यांचाच जीव जातो. मग त्या खरवडलेल्या मातीचं काय करायचं, या प्रश्नापाशी हरळीची पाळी येते.

नानांना मी जे सांगितलं ते साधं होतं. चौथऱ्याभोवतीची चिकट पापडी कुदळीनं फोडायची. चांगलं कुजलेलं शेणखत त्यात कालवायचं, वर मूठ-मूठ युरिया आणि सुपर फॉस्फेट. ओल टिकेल इतकंच पाणी, तेही सावकाश, कारण सुरुवातीला माती पाणी घेणारच नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी वर-खाली करायची, हवा लागू द्यायची. पावसाळ्याच्या तोंडाशी कडेनं हरळीच्या काशा लावायच्या, बी नाही. आणि तुकड्याभोवती हातभर खोल चर खणून ठेवायचा, म्हणजे हरळीबाई वावरात उतरणार नाही. हरळीची भीतीच वाटत असेल तर वाळा लावा, मका लावा, ज्वारी लावा, लसूणघास लावा. तेल लागलेल्या मातीत या सगळ्यांवर जगभर प्रयोग झाले आहेत. पण तो मका खायचा नाही आणि तो कडबा गुरांना घालायचा नाही.

नानांनी चर खणण्याची बाब तेवढी मान्य केली. बाकीच्यावर म्हणाले, ‘‘हरळी लावायला मजूर कुठून आणू? जो ऐकेल तो हसेल. आजवर उपटायला पैसे दिले.’’ त्यांचं हसणं मला पटतं. ज्यानं आयुष्यभर एका गवताशी लढत शेत राखलं, त्याला ते गवत पाळायला सांगणं हा शास्त्राचा उद्धटपणा वाटणारच. शास्त्रानं इथे थोडी नम्रता दाखवायला हवी. शेताच्या आत तिच्याबद्दल नानांचं मत शंभर टक्के खरं आहे. ती तिथे शत्रूच. चौथऱ्यावरचं मत माझं. दोन्ही खरी असायला जागा आहे, मध्ये फक्त एक चर लागतो.

मुळात तो डाग पडतोच कशाला? ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की सात-आठ लिटर निघतं, फटफटीचं लिटरभर. थोडं वाळवीसाठी लाकडाला लावतात, थोडं गाडीच्या आसाला वंगण म्हणून जातं, उरलेलं खड्ड्यात, नाल्यात, उकिरड्यावर. एक लिटर वापरलेलं ऑइल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकतं, असा इशारा अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलेलं आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. शुद्ध केलं की त्याचं पुन्हा वंगण होतं, म्हणजे त्याला किंमत आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, इंजिन असेल, निदान फटफटी असेल, तर पुढच्या वेळी निघालेलं काळं ऑइल जमिनीवर ओतू देऊ नका. झाकणाचा डबा ठेवा, त्यात पाणी-डिझेल मिसळू नका, डबा भरला की परवानाधारक घेणाऱ्याला द्या, आणि तुमचा गॅरेजवाला ते कुठे टाकतो हेही त्याला एकदा विचारा.